ऑर्शमचा सातवा दगड

लिटल ऑर्शम गावाचा इतिहास फक्त एका माणसाला पाठ होता, तो म्हणजे सिरिल टॉजर. निदान त्याचं स्वतःचं म्हणणं तसं होतं, आणि लिटल ऑर्शममध्ये कुणी कुणाचं म्हणणं खोडून काढत नाही. तिथे पाव करपला तरी बेकरीत जाऊन लोक म्हणतात, "आज वेगळाच खमंग झाला होता हं!" आणि दुसऱ्या दिवशी परत तोच पाव घेऊन येतात.

सिरिल अठ्ठ्याहत्तर वर्षांचा होता. नाकावर माशी बसू न देणारा. चर्चमध्ये शिरताना डाव्या हाताच्या फळीवर त्याने लिहिलेली चोवीस पानांची पुस्तिका ठेवलेली असायची. तिच्यात गावाच्या सगळ्या खुणा क्रमाने दिलेल्या होत्या: चर्चपेक्षाही म्हातारं यू झाड, वादळात शेपटी गमावलेला मनोऱ्यावरचा पत्र्याचा कोंबडा, दारूच्या गुत्त्याची ती पायरी, जिच्यावर प्रत्येक नवा माणूस अडखळतो आणि म्हणूनच जी कुणी दुरुस्त करत नाही. एकोणिसावं पान मात्र सिरिलने दात-ओठ खात लिहिलं होतं. त्याचं नाव होतं, 'आमचा झरा आमच्यापासून कसा हिरावला गेला'.

हा झरा म्हणजे उचकीचा झरा. त्याचं पाणी तीन घोट प्यायलं की कसलीही उचकी थांबते. सिरिल लहान असताना तो झरा लिटल ऑर्शमचा होता. पंधराव्या वर्षी तो मालवाहू जहाजावर खलाशी म्हणून गेला, वीस वर्षांनी परत आला, आणि फेरीत चालून बघतो तर झरा शेजारच्या ग्रेट ऑर्शमच्या हद्दीत! लिटल आणि ग्रेट म्हणजे आपलं खुर्द आणि बुद्रुक. त्यात ग्रेट ऑर्शममध्ये लिटल ऑर्शमपेक्षा अकरा घरं कमी, पण नावाचा तोरा काही उतरत नव्हता. आपण समुद्रावर असताना या बुद्रुकवाल्यांनी कुंपण सरकवून झरा गिळला, याबद्दल सिरिलच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. ग्रेट ऑर्शमच्या पंचायतीचा अध्यक्ष लिओनर्ड स्टब्स याला त्याने या विषयावर आजवर अकरा पत्रं पाठवली होती. स्टब्स प्रत्येक पत्राला उत्तर द्यायचा: पत्र मिळालं, आभारी आहे, हवा छान आहे.

गावाची हद्द ठरते ती फेरीने. दर सात वर्षांनी मे महिन्यात सगळं गाव शिवेवरून चालतं. वाटेत अकरा दगड लागतात. प्रत्येक दगडाला विलो झाडाच्या ओल्या फोकांनी बडवायचं, आणि मग कुणातरी एकाला, शक्यतो पोराला किंवा नव्याने राहायला आलेल्याला, हातापायांना धरून उचलायचं आणि त्या दगडावर तीनदा बूड आपटायचं. कागद हरवतात, जळतात, उंदीर खातात, पण बुडाला झालेली आठवण जन्मभर जात नाही, असा हा सरळ हिशेब. सिरिललाही आठव्या वर्षी सातव्या दगडावर आपटलं होतं. गावच्या लोहाराने हात धरले होते आणि आजोबांनी पाय.

सिरिल समुद्रावरून परतला त्याच हिवाळ्यात तो लोहार वारला. फेरी तोच काढायचा. आता पुढे कोण चालणार? गावात वाट माहीत असलेले वीसेक जण तरी होते, पण स्वतःहून पुढे येणं म्हणजे आगाऊपणा. सगळे वाट बघत बसले. सिरिलला मात्र वीस वर्षं बंदरांवर बंदरं हिंडून भीड नावाची चीज उरली नव्हती. त्याने लोहाराची पितळी मुठीची काठी उचलली आणि म्हणाला, "चला!" त्र्याऐंशी सालापासून सहा फेऱ्या त्याने काढल्या. आता ही सातवी. गुडघे बोलायला लागले होते. या फेरीत काठी कुणाच्यातरी हातात सन्मानाने द्यायची आणि मग खुर्चीत बसून पुस्तिकेची नवी आवृत्ती काढायची, एवढं त्याने ठरवलं होतं.

फेरीच्या आधीच्या सोमवारी सकाळी एनिड लवलॉक दारात उभी राहिली. एनिड त्याच्याच शाळेतली, त्याच्यापेक्षा एका वर्षाने लहान. नवरा गेल्यापासून शेत एकटी बघायची. पायात चिखलाचे बूट, डोक्याला रुमाल.

"चहा ठेवू का?" सिरिल म्हणाला.

"नको. म्हणजे ठेव, पण नंतर. आमचं खालच्या अंगाचं कुंपण छाटायला घेतलंय. फार माजलं होतं. आत एक दगड निघालाय. म्हटलं, शनिवारच्या आधी तुझ्या नजरेखालून गेलेला बरा."

"कसला दगड?"

"हवा छान आहे," एनिड म्हणाली. "चालतच जाऊ."

हवा छान आहे म्हणाली म्हणजे काहीतरी बिनसलंय, हे सिरिलला कळायला हवं होतं. तो काठी घेऊन निघाला.

कुंपणाच्या पोटातून काटेरी फांद्या काढून ढीग केला होता. मध्ये एक बुटका, रुंद, शेवाळलेला दगड होता. एनिडने हातमोज्याने शेवाळ बाजूला केलं. खाली कोरलेला क्रूस दिसला, त्याखाली सात रेघा. सहाव्या दगडावर होत्या तशाच, फक्त एक जास्त.

"हा सातवा कसा असेल?" सिरिल म्हणाला. "सातवा तिकडे आहे. वरच्या रस्त्याला." त्याने काठीने दाखवलं. तिकडे दोनशे पावलांवर तो दुसरा दगड उभा होता. चौकोनी, कंबरेएवढा, वरून गुळगुळीत. त्याच्या गुळगुळीतपणावर सिरिलने पुस्तिकेत आख्खा परिच्छेद लिहिला होता: 'सातशे वर्षांत टेकलेल्या असंख्य बुडांची ही साक्ष'.

एनिड हातमोज्याचं शेवाळ झटकत राहिली. सिरिल त्या शेवाळलेल्या दगडावर बसला. बसल्या बसल्या मान मागे गेली.

दोन टेकड्यांच्या मधल्या खाचेत चर्चचा मनोरा दिसत होता, आणि मनोऱ्यावर शेपटी नसलेला पत्र्याचा कोंबडा. आठव्या वर्षी त्याला उलटं धरलं होतं तेव्हा तोच कोंबडा उलटा दिसला होता, आणि त्याने ओरडून विचारलं होतं, "आजोबा, कोंबड्याची शेपटी कुठे गेली?" सगळं गाव हसलं होतं. वरच्या रस्त्याच्या त्या चौकोनी दगडावरून मनोरा दिसतच नाही. मध्ये टेकडी येते. इतक्या वर्षांत हे कधी डोक्यात आलं नाही.

आणि मग दुसरंही आठवलं. त्र्याऐंशी साल. धुकं. मागे सव्वाशे माणसं, आणि तो एनिडच्या सासऱ्याच्या बार्लीत वाट चुकलेला. पाचावर धारण बसली होती. तेवढ्यात धुक्यातून तो चौकोनी दगड वर आला आणि सिरिलने काठी उंचावून म्हटलं होतं, "हा बघा सातवा!" क्षणभर मनात चुकचुकलं होतं. पण कुणी काही बोललं नाही, लोकांनी फोका चालवल्या, आणि चुकचुकणं विरून गेलं.

"एनिड, मग तो वरचा दगड कसला आहे?"

"दुधाच्या कॅनांचा कट्टा. दुधाची लॉरी यायची तेव्हा सासरे त्यावर कॅन ठेवायचे."

सिरिलने परत कोंबड्याकडे बघितलं. बेचाळीस वर्षं आपण गावाला दुधाच्या कट्ट्याला बडवायला लावलं. त्याच्यावर दोन पाद्री आणि एक गुरांचा डॉक्टर आपटला.

"तुला माहीत होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"त्याच दिवसापासून. मी तिसऱ्या रांगेत होते."

"आणि बोलली नाहीस?"

"तुझी पहिलीच वेळ होती, सिरिल. तू इतका खुशीत होतास! म्हटलं, पुढच्या फेरीत सांगू. पुढची फेरी सात वर्षांनी. तोवर तुझी पुस्तिका छापून आली होती. मग कसं सांगायचं? वाईट दिसलं असतं."

सिरिल उठला आणि खाली बघू लागला. कुंपणाच्या अलीकडे, या दगडापासून हाकेच्या अंतरावर, उचकीचा झरा झुळझुळत होता. शीव जर या दगडावरून जात असेल, तर झरा लिटल ऑर्शमचा. तो कुणी पळवला नव्हता. कुंपण कुणी सरकवलं नव्हतं. सिरिल टॉजर या माणसाने स्वतःच्या हाताने, काठी उंचावून, तो देऊन टाकला होता. आणि वर अकरा पत्रं लिहिली होती.

"हे बघ," एनिड हळूच म्हणाली, "कुंपण जूनपर्यंत परत वाढेल. मी वर दोन गुलाबही लावते, काटेवाले. शनिवारी तू नेहमीच्या वाटेने जा, काठी दे कुणाला तरी, आणि चहा पी. मी काही बोलायची नाही."

ती बोलणार नाही यात शंकाच नव्हती. बेचाळीस वर्षांचा अनुभव होता.

घरी येऊन सिरिलने चहा केला आणि प्यायचा विसरला. बुधवारी गावची नवी पाद्रीबाई, फिलिपा नन, सायकलवरून आली. हिला गावात येऊन आठ महिने झाले होते, म्हणून यंदा सातव्या दगडावर तिचाच नंबर होता.

"मिस्टर टॉजर, मी आतून दोन लोकरी स्कर्ट घालणार आहे, चालेल ना? की ती फसवणूक होते?"

"तुमच्या आधीच्या पाद्रीबाबांनी आत उशी ठेवली होती," सिरिल म्हणाला.

ती खळखळून हसली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "खरं तर तुम्हाला सांगायचं नाहीये, पण माझ्या पोटात काही राहत नाही. गावाने तुमच्यासाठी एक बाक बनवून घेतलाय. ओकचा. तुमच्या नावाची पितळी पट्टी आहे त्यावर. सातव्या दगडाशेजारी ठेवणार. वरच्या रस्त्याला. कायमचा! तुम्ही आश्चर्य वाटल्यासारखं करा हं."

"मी प्रयत्न करीन," सिरिल म्हणाला.

ती गेल्यावर त्याला उचकी लागली. दोन तास थांबेना. झऱ्याचं पाणी प्यावं तर गेली बेचाळीस वर्षं त्याने निषेध म्हणून तिकडे पाऊल टाकलं नव्हतं.

आता सरळ दोन वाटा होत्या. गप्प बसलं तर काठी मानाने हातातून जाईल, बाकावर नाव राहील, आणि झरा कायमचा ग्रेट ऑर्शमचा होईल. पंचायत यंदाच्या फेरीनंतर हद्दीचा नवा नकाशा छापून घेणार होती. बोललं तर झरा परत येईल, पण मग सिरिल टॉजरच्या चोवीस पानांचं काय राहील? लोक म्हणतील, ज्याला स्वतःच्या गावाची शीव कळत नाही तो इतिहास लिहितो! त्याला खरोखर भीती वाटली. वादळात जहाज कलंडलं होतं तेव्हाही इतकी वाटली नव्हती.

शनिवारी ऊन पडलं होतं. शंभरावर माणसं, नऊ कुत्री, एक शेळी. शेळी का आली होती कुणालाच माहीत नव्हतं, पण विचारायचं कसं, म्हणून तीही चालली. पहिले सहा दगड झक्क पार पडले. फोका सपासप वाजत होत्या. चौथ्या दगडावर नव्या पोस्टमनला आपटलं तेव्हा त्याने "धन्यवाद" म्हटलं.

सहाव्यानंतर वरचा रस्ता. चौकोनी दगडाशेजारी चादर टाकलेला बाक उभा होता. पलीकडच्या बाजूला रिवाजाप्रमाणे ग्रेट ऑर्शमतर्फे लिओनर्ड स्टब्स सफरचंदाच्या दारूचा मग घेऊन थांबला होता. शेजारगावाने सातव्या दगडाशी मग पुढे करायचा आणि दोघांनी एकेक घोट घ्यायचा, अशी पद्धत. गेल्या सहा फेऱ्यांत सिरिलने तो घोट स्टब्सच्या डोळ्याला डोळा न भिडवता घेतला होता.

फिलिपाने स्कर्ट सारखे केले. लोकांनी फोका उचलल्या.

"थांबा," सिरिल म्हणाला.

लोक थांबले. सिरिलला परत एक उचकी आली, ती त्याने गिळली.

"हा दगड सातवा नाही. हा दुधाच्या कॅनांचा कट्टा आहे. त्र्याऐंशी साली धुक्यात मी वाट चुकलो, मला लाज वाटली, आणि मी हाच सातवा म्हणून ठोकून दिलं. खरा सातवा तिकडे एनिडच्या कुंपणात आहे. झरा आपणच सोडून दिला. आपण म्हणजे मी. ग्रेट ऑर्शमने तो कधी चोरला नव्हता. माझ्या पुस्तिकेचं एकोणिसावं पान पहिल्या ओळीपासून खोटं आहे."

कुणीही "काय सांगता!" म्हटलं नाही. कुणी श्वास रोखला नाही. सगळं गाव आपापल्या बुटांकडे बघत होतं. सिरिलने एका चेहऱ्यावरून दुसऱ्या चेहऱ्यावर नजर फिरवली आणि हळूहळू त्याच्या डोक्यात प्रकाश पडला.

"किती जणांना माहीत होतं?" त्याने विचारलं.

बेकरीवाल्याने कोपरापर्यंतच हात वर केला. मग गुत्त्याच्या मालकिणीने. मग शाळेच्या जुन्या बाईंनी. मग एकेक करत पन्नाशीच्या पुढचे झाडून सगळे हात वर झाले. गेल्या खेपेला कट्ट्यावर आपटलेला गुरांचा डॉक्टरसुद्धा हात वर करून उभा होता.

"तुम्हीही? तुम्ही तर बाहेरून आलेले!"

"वर कॅनांच्या बुडाचे गोल ठसे आहेत हो," डॉक्टर ओशाळून म्हणाला. "जवळून बघायला मिळाले. पण म्हटलं, नवीन माणसाने कशाला बोलायचं."

सिरिलला आधी संताप आला. सगळ्यांनी तोंडात गुळणी धरली होती, आणि तो एकटा छाती काढून पुढे चालत होता! मग त्याला स्वतःचाच परिच्छेद आठवला. सातशे वर्षांतली असंख्य बुडं. त्याच्या पोटातून हसू उसळलं, इतकं की काठीवर रेलावं लागलं. ते बघून बेकरीवाला फुटला आणि मग सगळं शिवार हसायला लागलं.

"आणि स्टब्स, तुम्ही?" सिरिलने डोळे पुसत विचारलं.

"आम्हालाही माहीत होतं," स्टब्स म्हणाला. "पण तुमच्याच गावात कुणी बोलेना, तर आम्ही परक्यांनी कसं तोंड उघडायचं? झरा मात्र तसा टाकता येईना. पानं साचायची. मग दर शनिवारी आम्ही झाडत राहिलो."

"बेचाळीस वर्षं?"

"आधी वडील झाडायचे. आता मी."

"आणि मी तुम्हाला चोर म्हटलं. अकरा वेळा."

"पत्रं जपून ठेवलीत," स्टब्स म्हणाला. "अक्षर फार सुरेख आहे तुमचं."

सिरिलने त्याच्या हातातला मग घेतला, पहिल्यांदाच त्याच्या डोळ्यांत बघून घोट घेतला, आणि म्हणाला, "माफ करा, लिओनर्ड." स्टब्सचे कान लाल झाले. तो म्हणाला की हवा छान आहे.

सगळे बार्लीच्या कडेने खाली उतरले. खरा दगड घासून पुसून ठेवलेला होता. एनिडने काटेवाले गुलाब आणले होते, पण ते तसेच कुंडीत, कडेला उभे होते. फोका बरसल्या. फिलिपा पुढे झाली, तसा सिरिल म्हणाला, "तुम्ही नाही, बाई. ज्याने विसरायला नको त्यालाच आपटायचं असतं. मला उचला."

"अरे, तुझं वय काय, कंबर काय!" एनिड म्हणाली.

"म्हणूनच हळू उचला."

बेकरीवाल्याने आणि डॉक्टरने खांदे धरले, फिलिपाने एक पाय आणि स्टब्सने दुसरा. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा जरा जोरातच. मान मागे गेली आणि दोन टेकड्यांच्या खाचेत कोंबडा उलटा दिसला. सिरिलच्या डोळ्यांत पाणी आलं. बूड दुखलं म्हणून, असं तो पुढे सांगायचा, पण आजोबांची पकड त्याला पुन्हा घोट्यांवर जाणवली होती आणि त्याला फार, फार बरं वाटलं होतं.

मग तो झऱ्यावर जाऊन तीन घोट पाणी प्यायला. उचकी थांबली.

"बाक खाली आणू या का?" फिलिपाने विचारलं. "खऱ्या दगडाजवळ?"

"नको, वरच राहू दे, कट्ट्याशेजारी," सिरिल म्हणाला. "वाट चुकलेल्या माणसाला बसायला काहीतरी हवंच." आणि त्याने पितळी मुठीची काठी एनिडपुढे धरली. "ही घे. तुला वाट पहिल्यापासून माहीत होती."

"मी सत्याहत्तरची आहे. पुढच्या फेरीला चौऱ्याऐंशी होईन."

"तर मग आत्तापासूनच सुरू कर. चार दगड उरलेत."

एनिडने रुमाल नीट बांधला, काठी घेतली आणि निघाली. सिरिल आयुष्यात पहिल्यांदा फेरीत मागे चालत होता, स्टब्सच्या बाजूला, शेळीच्या पुढे. मागून सगळं वेगळंच दिसत होतं. कुंपणाच्या टोकाला दोन पायवाटा फुटतात. आठवा दगड उजवीकडे, ओढ्यापलीकडे. एनिड काठी उंचावून ठामपणे डावीकडे वळली. तिच्यामागे बेकरीवाला वळला, डॉक्टर वळला, शाळेच्या बाई वळल्या. सगळ्यांना माहीत होतं. कुणी हूं की चूं केलं नाही.

सिरिलच्या तोंडात आलं, हवा छान आहे. ते त्याने गिळलं.

"एनिड!" तो सगळ्या गावादेखत ओरडला. "चुकलीस! उजवीकडे!"

रांग जागच्या जागी थिजली. लिटल ऑर्शममध्ये कुणी कुणाला असं चारचौघांत बोललेलं आजवर घडलं नव्हतं. शाळेच्या बाईंनी तर डोळेच मिटून घेतले.

एनिड शांतपणे वळली.

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "कुणी बोलतंय का, ते बघत होते."

आणि ती उजवीकडच्या वाटेला लागली.